चिंधीला मारलेली हाक

मी एक म्हातारी मांजर आहे, मित्रांनो. सांगते आहे ती गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. तेव्हा मला बारा वर्षं पुरी झाली होती.

मी वाढले एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी. त्यांच्या मशीनखाली, कापडाच्या तुकड्यांत सापडले, म्हणून माझं नाव चिंधी. जेवायची वेळ झाली की बाई मला नावानं बोलावत नसत. कात्रीची मूठ मशीनच्या फळीवर दोनदा वाजवत. ठक्, ठक्. मी गच्चीवर असले तरी धावत येई.

"बाई, तुमची लेक तरी इतकं ऐकते का हो?" गिऱ्हाइकं हसत विचारत.

"लेक शिकलेली आहे, ती कशाला ऐकेल?" सुईत दोरा ओवता ओवता बाई म्हणत.

त्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. लेक उशाशी बसली होती, मी पायाशी.

"चिंधीला अंतर देऊ नकोस," बाई म्हणाल्या.

"नाही गं आई. माझ्याकडेच नेईन तिला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

बाई गेल्या. मी मशीनखालून हलेना. लेकीचं बाळ तान्हं, जावयांना माझ्या केसांनी शिंका येत. मग घरात कुजबुज सुरू झाली. मला धरायला कुणी आलं की मी कपाटावर. दोन दिवस त्यांनी हात ओरबाडून घेतले. तिसऱ्या दुपारी पुढच्या खोलीतून आवाज आला. ठक्, ठक्.

मला वाटलं, बाई आल्या. मी जिवाच्या आकांतानं धावले. मशीनपाशी लेक उभी होती, हातात कात्री. जावयांनी मला मागून उचलून टोपलीत घातलं आणि झाकण बांधलं.

"बघ, किती सोपं झालं," ते म्हणाले. लेक खाली बघत राहिली.

मला दिलं ते पुस्तकबांधणी करणाऱ्या एका आजोबांना. सोबत चिठ्ठी होती: 'कात्री वाजवली की जेवायला येते.' आजोबांनी बिचाऱ्यांनी तसंच केलं. मी पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे आणखी आत सरकले. चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही.

"दादा, हे मांजर काही जगत नाही," त्यांची बहीण म्हणाली. "आणलंस तेही तुझ्याच वयाचं."

"थांब जरा. भुकेनं नाही, त्या आवाजानं अंग चोरतंय ते. याला कुणीतरी फसवलंय."

त्यांनी कात्री खणात टाकली, माझ्यापुढे बशी ठेवली आणि पाठ करून पुठ्ठ्यांना खळ लावत बसले. पुष्कळ वेळानं मी जेवले.

पुढे बहीण आपल्या मुलाकडे राहायला गेली. जाताना मला तिची शाल देऊन गेली. जावयांची बदली झाली. आजोबांची नजर अधू झाली, काम सुटलं. आता आम्ही दोघं उन्हात बसतो. मला दिल्यावर वर्षभरानं लेक एकदा आली होती. "चुकलंच माझं, चिंधी," म्हणत दारातच बसली. मी बाहेर आले, पण हातभर लांब बसले. त्याहून जवळ जाववलं नाही.

मित्रांनो, म्हातारं जनावर कधी दुसऱ्या घरी द्यावं लागतं. त्याचा मला राग नाही. ओरखडे सोसा, पण समोरून धरून न्या. गेलेल्या माणसाची हाक मात्र उसनी घेऊ नका. आम्ही ती खरी मानतो.