आडवं होण्यापुरती जागा

भूमच्या दूध संघाला नवी मोटार घ्यायची होती, आणि कुठली घ्यायची यावरून तेरा संचालकांची तेरा मतं होती. साल शहाऐंशी. श्रावण कोरडा गेला होता. जनावरं उसाच्या वाढ्यावर जगत होती आणि गावोगावचे कॅन निम्मे रिकामे येत होते. अशात मोटारीचा विषय काढायचा म्हणजे घरात मयत असताना बँडवाल्याला सुपारी देण्यातला प्रकार. पण जुनी जीप खरोखरच थकली होती. सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय तिला जाग येत नसे.

चेअरमन महालिंगप्पा अण्णांना लांब गाडी हवी होती. कॉन्टेसा. मुंबईला एका बैठकीला गेले असताना कुणाच्या तरी कॉन्टेसात बसून आले, आणि तेव्हापासून त्यांना जीपचं बाक टोचायला लागलं. महांतप्पा तात्या हे संचालकांतले सगळ्यात जुने. त्यांचं म्हणणं, छोटी मारुती घ्या. पेट्रोल थोडकं लागतं, चार माणसं बसतात, आणि दुष्काळात लोकांच्या डोळ्यांवर येत नाही. "हत्ती पाळायचा आसंल तर आदी चाऱ्याचं बघा," असं ते भर बैठकीत म्हणाले. अण्णांना ते झोंबलं. बाकीचे अकरा जण चहा कुणाकडून येतो त्याप्रमाणे बाजू बदलत होते.

संघात एक रिवाज होता. वाहन घ्यायचं तर फायलीत चालकाचा अभिप्राय लागे, खाली त्याच्या सहीसकट. फार वर्षांपूर्वी संचालकांनी मोठ्या हौसेनं एक टेम्पो घेतला होता, तो पहिल्याच पावसाळ्यात चिखलात रुतून बसला. तेव्हापासून हा नियम. चालकाच्या मताला मोठा मान होता असं नव्हे. गाडी वाईट निघाली तर मानगूट धरायला कुणीतरी असावं, इतकाच त्यामागचा विचार.

चालक म्हणजे खाजामियाँ. अठरा वर्षं त्यानं संघाची जीप चालवली होती. त्याची बायको हमिदाबी चैत्रात गेली होती. चाळिसावा झाला, आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले, खाजामियाँ दुसऱ्या दिवशी कामावर हजर. लोक म्हणत, गड्यानं लई धीरानं घेतलं. धीर कसला? त्याला काही होतच नव्हतं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. समोर ठेवलं ते खायचा. मीठ कमी की जास्त, विचारलं तर सांगता यायचं नाही. रस्ता दिसायचा, हात चाकावर आपोआप वळायचे, आणि मुक्कामाचं गाव आलं की गाडी थांबायची.

अभिप्रायासाठी त्याला आणि सेक्रेटरी श्रीपती ओव्हाळला सोलापूरला पाठवलं. श्रीपती पस्तिशीचा, कागदाला पक्का माणूस. एसटीतच त्यानं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं छोटी, उजवीकडं लांब.

सोलापुरात गाड्या विकणाऱ्या एका माणसाच्या आवारात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. छोटी कुणा व्यापाऱ्यानं नोंदवून नंतर सोडून दिलेली. लांबडी नवी कोरी, काळी, तोंड दिसेल अशी पुसलेली. खाजामियाँनं आधी छोटी चालवली. हायवेवर नेली, मग मुद्दाम एका खडीच्या रस्त्याला घातली, बाजारातल्या गल्लीत वळवून आणली.

"कशी वाटली, चाचा?" श्रीपतीनं पेन उघडलं.

"चांगली हाय. हलकी हाय. वळती लगेच."

"आणि खड्ड्यात?"

"खड्डा कळतो. पण निघती."

मग लांब गाडी काढली. तिचा दरवाजा लागला तेव्हा बाहेरचा सगळा गलका बाहेरच राहिला. ती चालत होती हे बाजूची झाडं मागं जाताना बघून समजायचं. श्रीपतीसारखा हिशेबी माणूससुद्धा सीटवर हात फिरवत राहिला.

"ही?"

"ही बी चांगली. पेट्रोल पिणार. गल्लीत नगं वाटंल हिला. पण खड्डा कळत न्हाय."

श्रीपतीनं लिहून घेतलं. पान भरत आलं होतं. खाजामियाँनं गाडी आवारात आणून लावली, खाली उतरला, छोटीचं मागचं दार उघडलं आणि पायताण काढून आत शिरला. मागच्या सीटवर तो आडवा झाला. गुडघे पोटाशी घ्यावे लागले, मान दाराला टेकून वाकडी झाली. थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठला आणि लांब गाडीत जाऊन आडवा झाला. इथं पाय जवळजवळ सरळ झाले. डोळे मिटले. विकणारा माणूस हसायला लागला. "मियाँसाहेब, गाडी चालवायला घेताय का झोपायला?"

श्रीपती हसला नाही. त्याला चैत्रातलं माहीत होतं.

चैत्रात एका सकाळी हमिदाबीच्या पोटात दुखायला लागलं. दुपारपर्यंत ती पांढरी पडली. भूमच्या डॉक्टरांनी सांगितलं, इथं काही होणार नाही, बार्शीला हलवा. खाजामियाँ अण्णांकडं गेला. अण्णांनी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं, जीप घेऊन जा. माणूस वाईट नव्हता. जीप निघणार एवढ्यात महांतप्पा तात्या आणि आणखी एक संचालक आले. त्यांनाही बार्शीलाच काम होतं. जीप चाललीच आहे म्हटल्यावर ते मागं समोरासमोरच्या बाकांवर बसले, पाय मधे पसरून, शेजारी पेंडीचं एक पोतं ठेवून. हमिदाबी चालकाच्या सीटमागच्या कोपऱ्यात, सुट्या टायरला टेकून.

वाटेत ती सारखी म्हणत होती, "जरा लेटती मैं. जागा करो ना." घरातल्या बोलीत, हळू आवाजात, नवऱ्याला. इंजिनाच्या आवाजात ते बाकांवरच्यांना ऐकू गेलं नसेल, पण खाजामियाँला ऐकू आलं. आरशात ती दिसत होती. मधल्या पत्र्यावर वाकळ टाकली असती तर ती आडवी झाली असती. त्यासाठी दोन माणसांनी उतरायला हवं होतं. अठरा वर्षांत त्यानं संचालकांसाठी दार उघडलं होतं, त्यांची पायताणं पुढं करून ठेवली होती, त्यांच्या पोरींच्या लग्नात रात्रंदिवस वऱ्हाड वाहिलं होतं. 'उतरा' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्या दिवशीही निघाला नाही. त्यानं गाडी जोरात हाणली, एवढंच. बार्शीची वेस दिसली तेव्हा हमिदाबीचं डोकं टायरवरून घसरलं होतं. आडवी झाली असती तर वाचली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरही म्हणाले, दुखणंच मोठं होतं. पण ती बसून गेली. शेवटचा एक तास तिनं जागा मागितली आणि ती बसून गेली.

सोलापूरहून तो घरी आला तर लेक अन्वरी उंबऱ्यात वाट बघत होती. पहिलटकरीण, आठवा लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. माहेरात आई नाही तरी माहेर ते माहेर. गल्लीतल्या धुरपताबाई सुईणीनं पोट चाचपून सांगितलं होतं, मूल आडवं हाय, आपल्यानं व्हायचं न्हाय, कळा लागल्या की बार्शी गाठा.

"अब्बा, कंची गाडी घेनार हायेत?"

"लांब."

"तात्या तर म्हनत्यात बारकी घ्यायची."

"लांबच पायजे," तो म्हणाला. तिनं भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी श्रीपतीनं अभिप्राय लिहायला घेतला. "चाचा, एक बोलू का? रस्ता बघितला, पेट्रोल बघितलं, तर छोटीच बसतीय आपल्याला. तुमालाबी ठावं हाय. लांबडी म्हटलात तर अण्णा खूश व्हतील, पर गावात लोक तुमच्या नावानं बोटं मोडतील."

"मोडू द्या. लांब ल्हा."

"कारण?"

"मागं मानूस आडवं व्हतंय."

श्रीपतीनं तेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं. खाजामियाँची शाळा निजामाच्या काळातली. त्यानं उजवीकडून डावीकडं उर्दूत सही केली.

बैठक गुरुवारी भरली. खाजामियाँ नेहमीप्रमाणं दाराबाहेर बाकड्यावर बसला. आत अभिप्राय वाचला गेला. शेवटच्या वाक्याला हशा झाला. अण्णाही हसले, पण खुशीत. चालकाची सही त्यांच्या बाजूनं पडली होती.

तात्यांचा आवाज चढला. "दूध संघाला निजायची मोटार कशाला पायजे? अण्णा, कुणी शिकवलं ह्याला? बोलवा आत."

खाजामियाँ चपला काढून आत गेला. टेबलाभोवती तेराही जण होते. तात्या म्हणाले, "खाजामियाँ, खरं सांग. हे तुझं तू ल्हिलंस का कुणी लिहायला लावलं?"

"माजं म्या सांगितलं, तात्या."

"मग गाडीत आडवं कुनाला व्हायचंय? अण्णांना?"

पुन्हा हशा. खाजामियाँला राग आला नाही. बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पेट्रोल किती भरलं ते सांगावं तसा.

"पोरीला. पुढल्या म्हैन्यात तिला बार्शीला न्यायचंय. तिची आई बसून गेली, तात्या. लई येळा म्हनली आडवं व्हऊ द्या. जीपमदी जागा न्हवती."

हसणं थांबलं. श्रीपती वहीत बघत राहिला. तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. चष्मा पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"त्या दिशी आमी हुतो की रं जीपमदी," ते म्हणाले.

"व्हय."

"मला न्हाय ऐकू आलं. देवाशप्पत न्हाय. मग तू सांगायचं न्हाय का? उतरलो आसतो की. पयल्या फाट्यावर उतरून यष्टी धरली आसती. पोतं टाकून दिलं आसतं. मानूस मरतंय आन् मी बसून ऱ्हातो का, खाजामियाँ? येवढंच वळखलंस व्हय मला?"

तात्या खोटं बोलत नव्हते. ते खाजामियाँला तिथंच, उभ्या उभ्या कळलं. आणि ते फार वाईट झालं. पाच महिने तो एका गोष्टीवर जगत होता. आपण सांगितलं असतं तरी ते उतरले नसते, चालकाच्या बायकोसाठी कोण उतरतो, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. त्या भिंतीला टेकून तो उभा होता. आता भिंतच निघाली. ते उतरले असते. नुसतं तोंड उघडायला हवं होतं.

अण्णांनी घसा साफ केला. त्यांनी कामाचंच विचारलं. "मग, खाजामियाँ, तूच सांग. कंची घ्यायची?"

"कंचीबी घ्या, अण्णा," तो म्हणाला. "जागा जीपमदीबी हुती."

तो बाहेर आला. चपला घालायचं राहून गेलं. आवार ओलांडून तो कॅन धुवायच्या हौदाकडं गेला आणि उपड्या घातलेल्या एका कॅनवर बसला. आधी त्याला तळपाय भाजल्याचं कळलं. फरशी उन्हानं तापलेली होती, ते आत्ता कळलं. मग तो रडायला लागला. मोठ्यानं, बायकांसारखा हेल काढून. कॅन धुणाऱ्या बायांनी पाणी बंद केलं आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. आत ठराव झाला, छोटी गाडी घ्यायची. अण्णांनी स्वतः सुचवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

बऱ्याच वेळानं तात्या बाहेर आले. खाजामियाँच्या चपला त्यांच्या हातात होत्या. त्या कशा द्याव्यात ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या त्याच्या पायांशी खाली ठेवल्या आणि तसेच उन्हात उभे राहिले.

खाजामियाँनं तोंड पुसलं. वर बघितलं. शब्द त्यानं जोर लावून काढला.

"तात्या, पोरीला न्यायचं त्या दिशी तुमी गाडीत बसू नगा."

"न्हाय बसत," तात्या म्हणाले.

"कुनीच बसू नगा."

"कुनीच न्हाय बसत, खाजामियाँ."