जावयाला विचारायचं नसतं

अधिक महिन्यातला रविवार होता. परतवाड्याजवळच्या त्या खेड्यात खुशालराव पहाटेच वाडीत जाऊन बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा तोडून आले होते. भाव पडलेला होता, तरी तोडल्याशिवाय गत नव्हती. घरी बायको पंचफुला एका हातानं पोट दाबून पुरण वाटत होती. तिच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते. महिन्याच्या आत ऑपरेशन करा, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यासाठीचे पंचेचाळीस हजार तिनंच दोन वर्षं बाजारात बसून, शेंगा आणि भेंडी विकून जमवले होते. पण आज अकोल्याहून लेक अपेक्षा आणि जावई शेखर धोंड्याच्या जेवणाला यायचे होते. दुखण्याला आज सुट्टी होती.

शेखरला पाटावर बसवलं. तेहतीस अनारशांचं ताट आणि नवा शर्ट दिला. जेवता जेवता त्यानं फोन पुढे केला.

"मामाजी, पैसा घरात ठेवून काय भेटते? ह्या ॲपमध्ये पंचेचाळीस टाका, रोजचे नऊशे जमा होते. पण स्कीम आज संध्याकाळपर्यंतच हाय."

चुलीपासून पंचफुला म्हणाली, "जवाईबापू, हे कंपनी हाय कुठं? कागद, पावती काही देते का?"

"मामी, पावतीचा जमाना गेला आता," शेखर हसला.

"बाजारात माह्या बाजूले भागीरथा बसते. तिचे असेच गेले. पहिले आठ दिवस पैसे आले. मंग म्हणे तीन माणसं आणा. मंग सारंच बंद."

खुशालराव उठून चुलीपाशी आले. "तुले अक्कल हाय का? धोंड्याच्या ताटावर बसलेल्या जवायाले पावती मागून राहिली? पोरीले सासरी तोंड दाखवाचं हाय का नाई?"

"पोट माहं दुखते," ती म्हणाली. "पैसेही माहेच हायेत."

"दुप्पट झाले का नागपूरले नेतो तुले. मोठ्या दवाखान्यात."

ती गप्प बसली. तीस वर्षांच्या संसारात तेवढंच तिला शिकवलं होतं. पैशांचा डबा तिनं स्वतःच काढून दिला.

नऊ दिवस खरोखरच पैसे आले. शेखरच्या सांगण्यावरून खुशालरावांनी ते परत त्यातच टाकले. पारावर बसून मोठेपणा सांगितला आणि साडू महादेवराव, शेजारचा मोतीराम यांनाही ओढलं. पोळ्याच्या आधी ॲप उघडेनासं झालं. "सर्व्हरचं काम चालू हाय," शेखर म्हणाला. खुशालरावांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात दिवाळीनंतरची तारीख मिळाली. दसऱ्याच्या आधीच पंचफुलाला थंडी वाजून ताप भरला, डोळे पिवळे झाले. दवाखान्यात नेताना जीपमध्ये तिनं विचारलं, "आले का पैसे?"

"येऊन राहिले," खुशालराव म्हणाले.

पिशवी आत फुटली होती. दुसऱ्या दिवशी ती गेली. ताप डोक्यात गेला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

तेरवीचं जेवण उरकलं आणि मांडवात शेखर महादेवरावांजवळ सरकला. "पैसे बुडाले नाईत, अडकले हायेत. आठ हजार टॅक्स भरला का सारे मोकळे होते. कंपनीचा माणूस आजच भरा म्हणून राहिला."

महादेवरावांनी खिशातून नोटा काढल्या. खुशालरावांनी उठून त्यांचा हात धरला.

"ठेवा आत."

"भाऊ, चारचौघांत जवायाले असं करते काय?" महादेवराव पुटपुटले.

"चारचौघांतच सांगतो. पंचफुला तापानं नाई मेली. तिच्या ऑपरेशनचे पैसे मी या माणसाले देल्ले. थे नाई म्हणत होती. मी तिचं तोंड बंद केलं. जवायाचा मान राखला अन् बायको जाळून आलो."

"मामाजी, माहेही दीड लाख गेले त्यात!" शेखर ओरडला.

"मंग माणसं काहून गोळा करत होता?"

शेखर फोन चाळू लागला. अपेक्षा बोलली. "माणसामागं ह्याले दोन हजार भेटत होते, बाबा. आईच्या पैशावरही भेटले." तिनं नवऱ्याच्या हातातला फोन ओढून घेतला. "सारे मेसेज ह्याच्यात हायेत. पोलिसांत मी येतो संगं."

मग मोतीराम म्हणाला, "माहे तीस गेले." मागून एक बाई बोलली, मग तिचा दीर. खुशालरावांना धरून फसलेले दहा जण निघाले. एकाच गल्लीत राहून त्यांनी एकमेकांपासून हे लपवलं होतं. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी उरलेले वाचले असते.

"सकाळी सातच्या गाडीनं अमरावतीले चला," खुशालराव म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सकाळी स्टँडवर तिघंच होते. खुशालराव, अपेक्षा आणि मोतीराम. महादेवरावांचा निरोप आला होता, घरच्या जवायाविरुद्ध सही कशी करू, लोक काय म्हणतील.

खुशालरावांनी तीन तिकिटं काढली. गाडी सुटली तेव्हा फसलेल्यांतले बाकीचे आठ जण आपापल्या घरी बसून जावयाची अब्रू राखत होते.