शनिवार-रविवारची गोळी

गोपाळकृष्ण लिमये शाळेतून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांच्या हृदयानेही काम कमी केलं. ठोके अनियमित, पायांवर सूज. डॉक्टरांनी पाच गोळ्या दिल्या. त्यांतली एक ठोके आवरणारी. ती देण्याआधी नाडी मोजायची. साठाच्या खाली असेल तर द्यायची नाही. हे खातं पत्नी श्यामलाबाईंकडे आलं. रोज सकाळी सातला, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट त्या नवऱ्याचा हात धरत. बेचाळीस वर्षांत इतका वेळ तो कधी धरला नव्हता.

शिवाय ही गोळी आठवड्यातून पाचच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. हे डॉक्टर तोंडी म्हणाले होते. चिठ्ठीवर नव्हतं, श्यामलाबाईंच्या डोक्यात होतं.

मुलगी तनया खराडीच्या आयटी कंपनीत. एका शनिवारी आई मंडईत गेलेली असताना तिने सात कप्प्यांची डबी आणली, चिठ्ठीवरून एक्सेलमध्ये तक्ता केला आणि सातही कप्पे भरले. पुढेही दर शनिवारी तीच भरू लागली. गोळ्या सगळ्या पांढऱ्या, बारीक. सुट्टीच्या दिवशी ती एक वगळलीच असेल, असं श्यामलाबाईंनी धरून चाललं. कुणाला कळणार?

तिसऱ्या आठवड्यात गोपाळकृष्णांनी थालीपीठ परत केलं.

"मळमळतंय. आणि भिंत पिवळी का दिसते?"

"रंग काढायला सांगून सात वर्षं झाली," श्यामलाबाई म्हणाल्या. पण त्यांनी हात धरला. परवा साठ होते, काल एकसष्ट. आज अठ्ठेचाळीस.

त्यांनी डबी बंद केली.

"आई, आजची द्यायची आहे. चार्टमध्ये आहे," तनया म्हणाली.

"चार्टात असेल. माझ्या हाताला लागत नाहीये."

रिक्षात श्यामलाबाईंनी तो हात सोडला नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळी अंगात साचली म्हणून मळमळ आणि पिवळं दिसणं, असं सांगून चार दिवस ठेवून घेतलं. डबी बघून म्हणाले, "हिला शनिवार-रविवार सुट्टी असते, सांगितलं होतं."

तनया रडायला लागली. "मलाच गेल्या दोन वर्षांत शनिवार-रविवार मिळाला नाही, काका. गोळीला मिळत असेल असं मनातही आलं नाही."

"तक्ता छान आहे गं," गोपाळकृष्ण पलंगावरून म्हणाले. "समास सोडलेत."

ती गोळी कायमची बंद झाली. दुसरी आली, तिच्यासाठी रोज नाडी मोजायची गरज नाही, असं डॉक्टरांनी या वेळी लिहून दिलं.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी सातला गोपाळकृष्णांनी हात पुढे केला.

"अहो, मोजायचं बंद झालंय ना?"

"चिठ्ठी वाचली मी."

श्यामलाबाईंनी चष्मा लावला, घड्याळाकडे बघितलं आणि हात धरला.