हसऱ्या मयताची तसबीर

मित्रांनो, तोंगकाका वारले. गेल्या हिवाळ्यात, घरच्या खाटेवर, सून तांदळाची पेज गार करत असताना.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते बोलले नाही. तोंगकाका धडधाकट आहेत, आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी एक जुनी तसबीर आहे. काळी चौकट, पुढे काच, आत तोंगकाकांचा हसरा चेहरा. हाँगकाँगच्या सिनेमांत ज्या घरातले वडील मेलेले असत, त्या घरच्या भिंतीवर बहुधा मी असे. आणि आमच्या सिनेमांत वडील मेले नाहीत, तर मुलगा सूड कशाचा घेणार? त्यामुळे मला कामाची ददात कधी पडली नाही.

माझा जन्म काउलूनमधल्या एका फोटोच्या दुकानात झाला. तेव्हा काका तिशीच्याही आतले होते. पूर्ण नाव मोक काम-तोंग. त्यांना नायक व्हायचं होतं. पण काकांचं एक विचित्र होतं: ते घाबरले की हसत. भीती जितकी मोठी, तितकं हसू प्रसन्न. फोटोवाल्याने दिवे लावले आणि काकांची बोबडी वळली. त्या क्षणी जे कागदावर उमटलं, ती मी. लोक आजही म्हणतात, "काय शांत चेहरा आहे!" मित्रांनो, मी आतून सारखी थरथरत असते. काचेमुळे कळत नाही.

तो फोटो घेऊन काका दिग्दर्शक याऊ यांच्याकडे गेले. याऊसाहेबांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

"उत्तम," ते म्हणाले. "बाप."

"कोणाचा?"

"नायकाचा. मेलेला."

झालं. बारीक कुंचल्याने माझे केस पांढरे केले, मला काळ्या चौकटीत बसवलं आणि भिंतीवर टांगलं. काका खाली उभं राहून माझ्याकडे बघत होते. फार सुंदर हसत होते.

पुढे आम्ही कामं वाटून घेतली. मध्यंतरापर्यंत काका, मग मी. काकांनी कसाई केले, भिक्षू केले, लाचखाऊ न्यायाधीश, चोराचे मामा, पहारेकरी, भुतं, सगळं केलं. सकाळी एका स्टुडिओत कसाई, दुपारी दुसऱ्यात भिक्षू. मधे कपडे बदलायला वेळ नसे. एका सिनेमात भिक्षूच्या कमरेला मटण कापायचा सुरा दिसतो. त्यावर समीक्षकांनी फार खोल लिहिलं. काकांचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यात लोक थांबवून विचारत, "अहो, तुम्ही मागच्या आठवड्यात मेलात ना?"

काका हसत. म्हणजे काय, ते तुम्हाला आता कळलंच आहे.

कारण आमच्याकडे सिनेमात मरणं ही साधी गोष्ट नाही. मेलेल्याचं काम केलं की शॉट संपताच थोडे पैसे घातलेलं लाल पाकीट हातात देतात, अपशकुन उतरावा म्हणून. तसबीर पाकीट कुठे ठेवणार? म्हणून 'कट' म्हटल्याबरोबर माझ्यावर लाल फडकं टाकायचं. उदबत्ती आणि नमस्कार फक्त कॅमेरा चालू असताना. कॅमेरा बंद असताना जिवंत माणसाच्या तसबिरीपुढे कोणी मनापासून वाकलं, तर वर जे कोणी जन्म-मरणाच्या नोंदी ठेवतात, ते तो माणूस खरंच गेला असं धरतात. काका दुसऱ्या स्टुडिओतूनही धावत येत, फडकं जागेवर आहे ना ते बघायला.

एका दुपारी निर्मात्याला कसली तरी हुक्की आली आणि त्याने सगळ्यांसाठी भाजलेला हंस आणि भात मागवला. माझा शॉट नुकताच संपला होता. सामान सांभाळणारा फान लाल फडकं घेऊन माझ्याकडेच येत होता. एवढ्यात दारातून हाक आली, "हंस आला!" फान वळला. डबा गरम होता. फडकं हातात होतंच. त्याने त्या फडक्याने डबा धरला आणि पसार झाला.

मी उघडी. समोर उदबत्ती जळतेय, पांढरी फुलं ठेवलेली, आणि सेटवर चिटपाखरू नाही. माझी काच घामेजली.

तेवढ्यात चहावाली लुकमावशी आली. ती बरेच दिवस गावी होती, आजच परतली होती. आणि आमच्या स्टुडिओत कोणी खरोखर गेलं, तरी त्याची तसबीर याच खोलीत ठेवत. सेट आयता मिळे ना! तिने मला पाहिलं आणि हातातले कप खाली ठेवले.

"तोंग? अरे, कधी गेलास रे? मला कुणी कळवलं पण नाही!"

मी ओरडले. तसबिरीचा आवाज काचेबाहेर जात नाही.

"एकटा तू आपला कप धुऊन ठेवायचास रे," मावशी पदराएवढ्या रुमालात नाक शिंकरत म्हणाली. "बाकी मेल्यांना कप धुवायचे असतात हेच माहीत नाही." मग ती तीनदा वाकली, अगदी कमरेतून, आणि खिशातलं संत्रं काढून माझ्यापुढे ठेवलं. खरे अश्रू, खरं संत्रं, कॅमेरा बंद.

नेमके तेव्हाच काका फडकं बघायला आले. अंगावर कसायाचा पोशाख, हातात सुरा.

"भूत!" मावशी किंचाळली.

"भूत नाही, कसाई! लुकताई, मी आहे!" मग त्यांना उदबत्ती दिसली, संत्रं दिसलं. "तू... वाकलीस?"

"तीनदा."

"आणि रडलीस? खरंच?"

"मग काय खोटं रडू? मी काय नटी आहे?"

काका हसले. इतकं तेजस्वी हसू मी माझ्यासुद्धा तोंडावर पाहिलेलं नाही.

हंस सोडून सगळे धावत आले. फान म्हणाला, "उलट्या बाजूने तीनदा वाकू दे, म्हणजे फिटेल." मावशी मागे वाकली आणि तिच्या पाठीत उसण भरली. मग याऊसाहेबांनी निकाल दिला. "तिला हेच कॅमेऱ्यासमोर करू दे. म्हणजे तो सिनेमा झाला. सिनेमात मेलेला उद्या कामावर येतो, हा धंदाच त्यावर चालतो."

कॅमेरावाल्या खाँगने कॅमेरा लावला. पण मावशीला रडू येईना.

"तो समोर सुरा घेऊन हसतोय आणि मी रडू होय?"

काकांना पडद्यामागे पाठवलं. तरी येईना. कांदा झाला, चिमटे झाले. "कट! पुन्हा! कट!" मावशी चिडली. "तुमचा हंस गार झाला म्हणून माझ्यावर खेकसू नका!"

शेवटी काका पडद्यामागून आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"लुकताई, पडद्यावर माझ्यासाठी रडणाऱ्या सगळ्यांना त्याचे पैसे मिळाले. फुकटात रडलेली तू पहिलीच. मला फार बरं वाटलं गं. आणि फार भीती वाटतेय. मला इतक्यात जायचं नाही."

हे सांगताना ते हसत नव्हते. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. मावशीचा चेहरा चुरगळला आणि डोळ्यांना धार लागली.

"कॅमेरा!" याऊसाहेब ओरडले. मावशी तीनदा वाकली. "कट!" फानने माझ्यावर फडकं टाकलं. त्याला हंसाच्या चरबीचा वास येत होता. बाहेर टाळ्या पडल्या, आणि काकांनी म्हणे एकट्याने अख्खी तंगडी संपवली.

पण मित्रांनो, भिंतीवरची तसबीर थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात बघते. रीळ फसलेल्या शॉट्समध्येच संपलं होतं. एका नटाच्या भीतीपायी नवं रीळ फोडायला खाँग धजावला नव्हता. तो रिकामा कॅमेरा फिरवत होता. त्याची माझी नजरानजर झाली आणि त्याने मान खाली घातली.

म्हणजे उतरलं काहीच नव्हतं. उलट मावशी दोनदा खरी रडली होती.

हे फक्त मला आणि खाँगला ठाऊक. खाँग बोलला नाही, मला बोलता येत नाही. काका निर्धास्तपणे जगले, आणखी कितीतरी वेळा मेले. मी मात्र त्यांच्या प्रत्येक खोकल्याला दचकले. पुढे सिनेमातल्या बापांनी मरणं सोडलं. मला फडक्यात गुंडाळून गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. काचेला बुरशी आली, एका झुरळाने माझ्या कानात संसार थाटला. कोणी पुसलं नाही. भीती मात्र नवीच्या नवी राहिली.

मग एके दिवशी कोणीतरी फडकं सोडलं. ती काकांची सून होती. "हसरा फोटो हा एकच मिळाला," ती फानला म्हणाली. फान म्हातारा झाला होता. त्याने फडक्याची घडी करून माझ्या चौकटीमागे खोचली.

मला वाटलं, काम मिळालं! पांढरी फुलं, उदबत्ती, गर्दी, सगळं जिथल्या तिथे. लुकमावशी काठी टेकत आली, तीनदा वाकली, संत्रं ठेवलं. फार सुरेख शॉट झाला. मी कॅमेरा शोधत राहिले. कोणीच 'कट' म्हणालं नाही. मी अजून वाट बघते आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या तसबिरी अधूनमधून पुसत जा. आत कोण किती घाबरलेलं आहे, ते बाहेरून दिसत नाही. आणि कप आपला आपण धुवा.

सबब, वर नोंदी ठेवणाऱ्या संबंधित खात्यास विनंती करण्यात येते की, गेल्या हिवाळ्यातील सदर प्रसंग तांत्रिक कारणास्तव रद्द समजून त्याचे पुनर्चित्रीकरण करण्यात यावे. श्री. मोक काम-तोंग यांस कसायाच्या पोशाखात वेळेवर हजर ठेवावे. कॅमेऱ्यात रीळ भरल्याची खातरजमा करावी. शेवटी कोणीतरी 'कट' म्हणावे. लाल फडके अर्जदाराजवळ आहे.