दाढी नसलेला माणूस

गोविंदाचं इतवारीत भांड्यांचं दुकान. भरदुपारी त्याची धाकटी बहीण जया कुकर घ्यायला आली, आणि दुकानाच्या पायरीवरच एका दाढीवाल्याने तिच्या गळ्यातली पोत ओढली. पोत तुटेना, तसं त्याने ब्लेड चालवलं. जयाच्या मानेतून रक्त उसळलं.

"पकडा त्याले!" हातातला लोखंडी झारा घेऊनच गोविंदा धावला. मागून पंधरा-वीस जण.

चोर चार हातांवर होता. निळा शर्ट, काळीभोर दाढी. तेवढ्यात पत्र्याच्या पेट्यांनी लादलेला हातठेला आडवा आला. ठेला सरकला, तर पलीकडे एक माणूस धापा टाकत उभा. गोविंदाने झारा त्याच्या खांद्यावर हाणला.

"काहून मारून राहिले गा मले? मी हमाल हाओ!"

पुढचा घाव तोंडावर बसला. दात मातीत पडले. लोक तुटून पडले; कुणी पोटात लाथा घातल्या, कुणी बोटं बुटाखाली चिरडली. झाऱ्याची कड डोळ्यात घुसली तेव्हा तो माणूस जनावरासारखा ओरडला.

जया मान पदराने दाबत गर्दीत घुसली. "दादा, हा नाही थो! याले दाढी कुठं हाय?"

गोविंदाने पाहिलं. रक्ताने माखलेली, पण तुळतुळीत हनुवटी. अंगात पिवळी बनियन. इतका वेळ तो याच तोंडावर मारत होता. शेजारचे दुकानदार वामनराव तर अजूनही ओरडत होते, "फाडा साल्याचा निळा शर्ट!" आणि लाथ घालत होते. गोविंदाने त्यांना धक्का मारून पाडलं.

पाहता पाहता गल्ली रिकामी झाली. गोविंदाने त्या हमालाला, नत्थूला, ऑटोत घातलं. जयाही सोबत बसली. दवाखान्यात तिच्या मानेला टाके पडले. नत्थूचा डोळा मात्र गेला होता.

संध्याकाळी नत्थूची बायको कांताबाई धावत आली. "कोणं मारलं माह्या माणसाले?"

जयाने गोविंदाचा हात दाबला. त्याने तो सोडवून घेतला.

"म्या मारलं, बाई. चोर समजून."

"तुले डोये नव्हते काय रे?"

"होते."

कांताबाईने हातातला स्टीलचा डबा त्याच्या कपाळावर हाणला. पुन्हा हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. जया मधे पडू लागली, तर गोविंदाने तिला मागे सारलं. कांताबाईचा हात थकेपर्यंत तो उभा राहिला. मग रक्त न पुसताच, आपलं नाव लिहून द्यायला पोलीस ठाण्याकडे निघाला.