कार्डाला पैर नाही

रामाजीभाऊंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका ओसरीवर, म्हातारे चटईवर, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ते सगळ्यांत मोठ्याने जयजयकार करत होते. दारात खुर्चीवर टीव्ही मांडला होता. पडदा काळा, त्यावर इंग्रजीत एक ओळ. समोर लटारू महाराज डोळे मिटून बसले होते.

"डब्ब्यातलं कार्ड काढ," महाराज म्हणाले.

सेटटॉप बॉक्सला आमच्याकडे सगळे डब्बाच म्हणतात आणि छपरावरच्या डिशला छत्री. रामाजीभाऊंनी खाचेतलं कार्ड ओढून दिलं. महाराजांनी ते झोळीत टाकलं, झोळीवर तीनदा फुंकर घातली, "वरच्या छत्रीतून ये, खालच्या कार्डात बैस" असं काहीतरी पुटपुटले आणि झोळीतून कार्ड काढून परत दिलं. ते खाचेत सरकवलं, पडदा थरथरला, आणि एक सासू सुनेच्या अंगावर ओरडताना दिसू लागली. लोकांनी त्या सासूलाच हात जोडले.

"मी काई नाई केलं," महाराज डोळे किलकिले करून म्हणाले. "कार्डात सोन्याची बारकी चौकट हाय, पाह्यली? तथी लक्ष्मी राह्यते. ते रुसली होती. आता हासली."

मी मागे उभा होतो. मी या गावच्या शाळेतला मास्तर, प्रफुल. दसऱ्याच्या सुटीत आईकडे गडचिरोलीला गेलो होतो आणि त्याच दिवशी परतलो होतो. परतलो तर गावातले सगळे टीव्ही आंधळे.

झालं असं होतं. दसऱ्याला आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, नांगर पुजतात. हल्ली मोटारसायकललाही हार पडतो. मारुतीच्या देवळात नव्यानेच उतरलेल्या या महाराजांनी सांगितलं की लोखंड पुजता, मग घरातलं सोनं काऊन नाई पुजत? झालं. घरोघरची कार्डं सुपात गोळा झाली. त्यांना हळद लागली, कुंकू लागलं, आणि लाल फडक्याच्या पुडीत बांधून महाराजांनी ती स्वतःच्या हाताने एकेकाला परत दिली. त्याच संध्याकाळी गावभर पडदे काळे झाले. कार्डाला हळद लावणारं गाव दुसरं कुठे असेल असं मला वाटत नाही.

"महाराज, मग आमच्या घरी काऊन नाई येत?" मिथुनने विचारलं. मिथुन बारावी शिकलेला, गावात इंग्रजी वाचणारा म्हणून त्याला मान. "आमच्या टीव्हीवर लिवलं हाय, कार्ड नॉट पेअर्ड."

महाराजांनी झटकन डोळे उघडले. "काय म्हनतं?"

"नॉट पेअर्ड."

"पैर!" महाराज ताडकन उठले. "आयकलं का सगळ्यायनं? देवानं पडद्यावर लिवून देल्लं. पैर! कोनाचा तरी पैर सीधा नाई. गावात उलट्या पैराची कोन हाय?"

अंगणातली सगळी तोंडं एकाच दिशेला वळली.

त्या दिशेला सीताबाईचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात पडून तिचं उजवं पाऊल मोडलं, ते तसंच आत वळून बसलं. ती चालायची तेव्हा वाळूत पावलाचा ठसा आडवा उमटायचा. आणि या काळ्या पडद्यांच्या गावात एकट्या तिचाच टीव्ही बिनघोर चालू होता.

"अहो, पेअर म्हणजे जोडी!" मी ओरडलो. "पाय नाही! हे कार्ड या डब्ब्याचं नाही, एवढंच लिहिलंय तिथे! माझ्या बहिणीच्या डब्ब्यात मी माझं कार्ड घातलं होतं, तेव्हा हीच ओळ आली होती."

"सर, तुमी देव मानत नाई," रामाजीभाऊ शांतपणे म्हणाले. "आमी तुमाले काई म्हनत नाई. तुमीई आमाले म्हनू नोका."

गर्दी सीताबाईच्या दाराशी गेली, तिच्या मागे मीही. ती टीव्हीसमोर बसून वाळवलेली मोहफुलं निवडत होती. गर्दी पाहून तिने घाईने डोक्यावरचा पदर सावरला.

"बाई, तू पूजेले कार्ड काऊन नाई देल्लं?" गर्दीतून पुढे आलेल्या पवनने विचारलं.

"निघत नाई ना रे. ढिल्लं झालं होतं, सारखं हालत राह्ये. मी धावड्याचा डिंक लावला अन् बसवून टाकलं."

पवनने ओढून पाहिलं. कार्ड हललं नाही. तिला फक्त एवढंच येत होतं: जंगलातून डिंक आणायचा आणि जे हलतं ते चिकटवायचं.

"निघत नाई!" महाराज मागून ओरडले. "निघन कसं? तुमचं सारं चित्र हे ओढून राह्यली! घरं वाचवायचे असन तर इले उद्याच्या पह्यल्या बसमधी बसवा."

मी काय नाही केलं! समजावलं, हातापाया पडलो, कायदा सांगितला, पोलिसांना फोन केला. फोनवरचा माणूस चांगला होता, पण नाल्यावरून पाणी जात होतं, सकाळीच येता येईल म्हणाला. सरपंचबाई माहेरी गेल्या होत्या. मी सीताबाईला माझ्या खोलीवर चला म्हणालो. ती म्हणाली, "सर, तुमचीबी शाळा इथीच हाय. काऊन भांडन घेता?"

सकाळी ती अहेरीला भाचीकडे गेली. डोक्यावर बोचकं, बोचक्यात तो डब्बा. गाव बसथांब्यावर उभं राहून पाहत होतं. एकानेही हात दिला नाही आणि मीही फक्त बोचकं वर चढवून दिलं. याहून जास्त काय करायला हवं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

पोलीस येणार हे कानावर जाताच महाराज धानाच्या बांध्यांतून पसार झाले. नंतर पोलीस आले तेव्हा देवळात त्यांचं गाठोडं तेवढं मिळालं. त्यात छत्री बसवायचा पाना निघाला, दिशा धरायचं मीटर निघालं आणि मेलेली जुनी कार्डं निघाली. कधीकाळी छत्र्या बसवत फिरणारा माणूस! कोणतं कार्ड कोणत्या डब्ब्याला बांधलेलं असतं आणि चुकलं की काय होतं, हे त्याला पोटपाण्यासाठी शिकावं लागलं होतं.

मी सगळ्यांना मिथुनच्या अंगणात बोलावलं. म्हटलं, आपापलं कार्ड आणा. मिथुनच्या डब्ब्यात एकेक घालत गेलो. पडदा काळा, पुन्हा काळा. मग पवनची बायको रिना हिने आपलं कार्ड दिलं, आणि चित्र आलं. मी ते काढलं, चित्र गेलं. घातलं, आलं. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

"हे मिथुनचं कार्ड आहे," मी सांगितलं. "महाराजाने पुड्या मुद्दाम उलटसुलट दिल्या. कार्डं दिसायला सारखी असतात, पण प्रत्येकाची आपल्या डब्ब्याशी जोडी लावलेली असते. रामाजीभाऊंना त्याने पुडीत मेलेलं कार्ड दिलं, खरं झोळीत ठेवलं आणि काल तेच काढून दिलं. सीताबाईचं कार्ड डिंकाने चिकटलेलं होतं, त्याला हात लावता आला नाही, म्हणून तिचा टीव्ही चालू राहिला. यात ना देव, ना पैर."

दुपारपर्यंत घराघरातले टीव्ही लागले. लोक खूश झाले. महाराजाला शिव्या घातल्या. मला चहा आला. मला वाटलं, जिंकलो. म्हटलं, "चला, सीताबाईला आणायला कोण येतं?"

रामाजीभाऊ चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "सर, महाराज लबाड निंघाला, कबूल. पन एक सांगतो, राग नोका मानू. ते गेली सकाळी, अन् चित्र आलं दुपारी."

"मी तुमच्यासमोर काढून घालून दाखवलं ना!"

"दाखवलं. पन पाय तर वाकडाच होता ना तिचा."

कोणी हसलं नाही. ते सगळे खरंच तसं मानत होते. मी मिथुनकडे पाहिलं, तर त्याने मान खाली घातली.

पुढच्या रविवारी मी अहेरीला गेलो. सीताबाई भाचीच्या पडवीत बसली होती. भाचीच्या छत्रीला तिचाच डब्बा लावला होता आणि टीव्ही झकास चालू होता. मी गावातली सगळी हकीकत सांगितली, जोडी म्हणजे काय तेही सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे डब्बा अन् कार्ड सोबत आले म्हनून चालून राह्यले?"

"हो, बाई."

"मी एकटीच आली, सर," ती म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे पाहू लागली.

महाराज अजून सापडलेला नाही. तो सापडेलही. पण माझी विनंती तुम्हाला आहे, जे अशा गर्दीत मागे उभे असता. पडद्यावरचा शब्द कळला नाही तर त्याचा अर्थ विचारा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला बोलू द्या. चित्र गेलं तर कार्ड तपासा, तार तपासा, छत्री तपासा. शेजारणीचे पाय तपासू नका. गेलेलं चित्र परत आणता येतं. सीताबाई अजून अहेरीलाच आहे.