सुनीतीचा ठोका

वडील जेवता जेवता पाटावरच गेले, तेव्हापासून गुरुदासने स्वतःच्या काळजाची धास्ती घेतली होती. मालवणजवळच्या कट्टा गावच्या हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा. एका रविवारी जुन्या रेडिओचे भाग जोडून त्याने यंत्र केलं. बोटाच्या एका बाजूला बारीक बल्ब, दुसऱ्या बाजूला उजेड टिपणारा तुकडा. नाडी उडाली की स्पीकरमधून 'टक्' यायचं, आणि जोडलेल्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ते उतरायचं.

त्याचे ठोके एकसारखे आले. खुशीत त्याने बायकोला हाक मारली. सुनीतीने हसत बोट दिलं.

टक्. टक्. टक्. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने पुन्हा टक्.

त्याने वायर आवळली, स्वतःचं बोट घालून पाहिलं. ठीक. तिचं घातलं. पुन्हा तीच पोकळी.

"यंत्रच बिघडला गो."

"माका खोटा सांगू नकात," सुनीती म्हणाली. "टेप लावा. माका परत ऐकूचा आसा."

ती कॅसेट घेऊन दोघं मालवणला डॉक्टरांकडे गेली. कार्डिओग्राम काढताना नेमका एकही ठोका चुकला नाही. डॉक्टरांनी कागद खणात टाकला, कॅसेट न ऐकताच परत सरकवली. "अशक्तपणा आहे."

"तो कागद मला द्या," सुनीती म्हणाली.

"तुम्हाला त्यातलं काय कळणार? कागद दवाखान्याचा असतो."

"काळीज माझा मा? मगे कागद तुमचो कसो?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्याच आठवड्यात ती विहिरीच्या काठावर कोसळली. कळशी आत गेली, ती थोडक्यात बाहेर राहिली. गुरुदास तिला बांद्यावरून गोव्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरने कॅसेट लावली. ऐकता ऐकता तो ताठ बसला, आणि सुनीती उठायला लागली तशी जवळजवळ ओरडला, "उठू नका! एक पाऊलही चालायचं नाही."

मुंबईला नेऊन तिच्या छातीत पेसमेकरची बॅटरी बसवली. ती किती वर्षं चालेल, हे कुणीच छातीठोक सांगेना. निघताना तिने स्वतःचे सगळे कागद मागून घेतले.

घरी आल्यावर गुरुदासने यंत्र पुढे केलं. तिने बोट मागे घेतलं.

"ता काळीज माझा आसा. माका इचारल्याशिवाय ऐकूचा नाय."

त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. पण अंगणात आमसुलं उलटताना तिचा हात मध्येच थांबला, की तो दारात खिळून उभा राहतो.